सत्र न्यायालयात सरकारी वकील व्हायचंय? अर्ज एमपीएससीकडे नव्हे, कलेक्टर ऑफिसात

मराठवाड्यातल्या कुठल्याही बार रूममध्ये ज्युनियर मंडळींचा एक समज पक्का असतो: एमपीएससी दिली की सरकारी वकील. अर्धं खरं आहे. आयोग भरतो ते पद सहायक सरकारी अभियोक्ता, गट अ. हे पद गृह विभागाच्या अभियोग संचालनालयाखालचं. कायद्याची पदवी आणि पाच वर्षांची वकिली लागते, पगारी नोकरी मिळते. पण काम जेएमएफसी, म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या कोर्टातलं. खून, बलात्कार, दरोडा हे खटले सत्र न्यायालयात चालतात आणि तिथे सरकारतर्फे उभा राहतो तो जिल्हा सरकारी वकील किंवा अतिरिक्त सरकारी वकील. त्याची वाट वेगळी.

ही वाट भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 18 मध्ये आहे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 24). किमान सात वर्षं वकिली झालेली हवी. जिल्हाधिकारी, म्हणजे इथे जिल्हादंडाधिकारी या नात्याने, सत्र न्यायाधीशांशी सल्लामसलत करून योग्य वकिलांची यादी करतात. या यादीत नाव नसेल तर नेमणूक होऊच शकत नाही. नेमणुकीचा आदेश पुढे विधि व न्याय विभाग काढतो. शिफारसपत्रं गोळा करत मुंबईच्या चकरा मारणाऱ्यांनी यादीबद्दलचं हे वाक्य आधी वाचावं.

अर्ज मागवल्याची सूचना स्थानिक वर्तमानपत्रात आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर येते. ती नीट वाचा, कारण पद कुठल्या कोर्टासाठी आहे हे महत्त्वाचं. अतिरिक्त सत्र न्यायालयं फक्त जिल्ह्याच्या गावी नाहीत. अंबाजोगाई, उदगीर, वैजापूर इथेही आहेत. लातूरला घर आणि उदगीरला कोर्ट हे जमणार आहे का, ते अर्जाआधी ठरवा.

कागदपत्रांत सनद (वकिलीचा परवाना), कायद्याच्या पदवीच्या गुणपत्रिका, जन्मतारखेचा पुरावा आणि लागू असेल तर जातीचं प्रमाणपत्र हे नेहमीचंच. बार परीक्षा लागू असलेल्यांनी तिचं प्रमाणपत्रही काढून ठेवावं. वकील संघाच्या अनुभव प्रमाणपत्रात मात्र गोची होते. तीन वर्षं अंबाजोगाईत आणि पुढची पाच संभाजीनगरला प्रॅक्टिस केली असेल, तर दोन्ही संघांची पत्रं घ्या आणि तारखांत मधे फट राहू देऊ नका. चारित्र्य पडताळणी पोलिसांकडून होते. स्वतःवर गुन्हा दाखल असेल, अगदी आंदोलनातला जुना असला तरी, तो अर्जात लिहा. लपवलेला गुन्हा पडताळणीत निघाला तर समजावत बसावं लागतं.

खरी छाननी होते ती चालवलेल्या खटल्यांच्या यादीची. रकाने साधे असतात: खटला क्रमांक, कोर्ट, कलम, कोणातर्फे, निकाल काय. भरायला बसलं की कळतं, सात वर्षं सीनियरच्या मागे बसून काढली, साक्षीदारांचे उलटतपासही घेतले, पण वकीलपत्रावर आपलं नावच नाही. म्हणून पहिल्या वर्षापासून सीनियरच्या वकीलपत्रावर सही करायची सवय लावा आणि निकालाची प्रत मिळाली की एक झेरॉक्स स्वतःच्या फाइलला लावा. यादीत मुख्यतः बचाव पक्षाची कामं असली तरी कमीपणा नाही. उलट साक्षीदार फितूर कसा होतो हे त्या बाजूनेच नीट कळतं.

मुलाखतीची तयारी दोन्ही कायद्यांची हवी. 1 जुलै 2024 पूर्वीच्या गुन्ह्याला भारतीय दंड संहिता, नंतरच्याला भारतीय न्याय संहिता. त्यामुळे एकाच दिवसाच्या बोर्डावर खुनाची एक केस जुन्या कलम 302 ची तर दुसरी नव्या कलम 103 ची असते, आणि असं आणखी बरीच वर्षं चालणार.

पैशाचं स्पष्ट बोलायला हवं. ही नेमणूक मुदतीची असते, मोबदला फीच्या स्वरूपात मिळतो, नोकरीसारखी पेन्शन नाही. आरोपीची फौजदारी कामं सोडावी लागतात. तालुक्याच्या गावी तोच ऑफिसचा मुख्य आधार असतो, तेव्हा घरी आधी बोलून घ्या.

विशेष सरकारी वकील हा तिसरा प्रकार. कलम 18 नुसार त्याला दहा वर्षांची वकिली लागते आणि नेमणूक एखाद्या खटल्यापुरती किंवा ठरावीक वर्गाच्या खटल्यांपुरती असते. मस्साजोगच्या सरपंच खून प्रकरणात गावकऱ्यांच्या अन्नत्याग आंदोलनादरम्यान फेब्रुवारी 2025 मध्ये उज्ज्वल निकम यांची नेमणूक जाहीर झाली, ती याच प्रकारातली. पोक्सो आणि ॲट्रॉसिटी कायद्यांखालच्या विशेष सरकारी वकिलाला मात्र सात वर्षं पुरतात. अनुभव कमी असलेल्यांनी या दोन कायद्यांचा अभ्यास आधी पक्का करावा, असं माझं मत.

सात वर्षं अजून भरली नसतील तर कलम 18 मधलीच एक तरतूद कामाची आहे. सरकारी वकिलाला साहाय्य करण्यासाठी पीडिताला आपल्या पसंतीचा वकील ठेवायला कोर्ट परवानगी देऊ शकतं. असा वकील म्हणून हजर राहिलात की सरतपास (आपल्याच साक्षीदाराची तपासणी), मुद्देमाल, पंच साक्षीदार हे सगळं सरकार पक्षाच्या बाजूने पाहायला मिळतं. परवानगीच्या आदेशाची प्रत घ्या. खटल्यांच्या यादीतल्या ‘कोणातर्फे’ या रकान्यासाठी ती चालते.