मिझो नॅशनल फ्रंट

मिझो नॅशनल फ्रंट : मिझोराममधील एक प्रादेशिक राजकीय पक्ष. ऑक्टोबर १९६१ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेने मार्च १९६६ पासून वीस वर्षे भारतीय संघराज्यातून वेगळे होण्यासाठी सशस्त्र लढा दिला, ३० जून १९८६ रोजी केंद्र सरकारशी करार करून शस्त्रे खाली ठेवली आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत तिचे अध्यक्ष लालडेंगा मिझोरामचे मुख्यमंत्री झाले. बंडखोर संघटना निवडणुकीच्या राजकारणात उतरल्याने शांतता कितपत टिकते, या प्रश्नाच्या चर्चेत हे उदाहरण यशस्वी म्हणून दिले जाते आणि ते योग्यच आहे. तथापि या यशाचे कारण पक्षाच्या १९८७ मधील विजयात शोधण्याची रूढ पद्धत पुरेशी वाटत नाही. एक तर फ्रंटने बंदूक हाती घेण्यापूर्वीही निवडणुका लढवल्या होत्या, त्यामुळे १९८७ चा प्रवेश हा खरे पाहता पुनःप्रवेश होता. आणि दुसरे म्हणजे, शांततेची कसोटी विजयाच्या वेळी नव्हे, तर पाठोपाठ आलेल्या पराभवाच्या वेळी लागली.

संघटनेच्या उगमाचा संबंध ‘मौताम’ या दुष्काळाशी जोडला जातो. मौताम म्हणजे बांबूचे मरण. मिझो टेकड्यांवर मोठ्या क्षेत्रात वाढणारा ‘मौ’ हा बांबू (मेलोकॅना बॅसिफेरा) सुमारे ४८ वर्षांनी एकाच वेळी फुलतो, फळतो आणि वाळून जातो. त्याच्या फळांवर उंदरांची संख्या अतोनात वाढते आणि फळे संपली की उंदीर झूम (जंगल तोडून व जाळून केलेल्या फिरत्या) शेतातील उभ्या भाताकडे व कोठारांकडे वळतात. १८६१-६२ व १९११-१२ या काळातील मौतामांच्या आठवणी वृद्धांच्या तोंडी होत्या, त्यामुळे १९५८-५९ चे संकट अनपेक्षित नव्हते. मिझो टेकड्या तेव्हा आसामचा एक जिल्हा होत्या; तेथील मिझो जिल्हा परिषदेने १९५८ मध्येच आसाम सरकारकडे पूर्वतयारीसाठी १५ लाख रुपयांची मागणी केली होती. बांबूच्या फुलोऱ्याने दुष्काळ येतो ही आदिवासींची समजूत आहे, असे मानून ती गांभीर्याने घेतली गेली नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून आलेल्या ज्ञानाला अंधश्रद्धा ठरवण्याची ही चूक पुढे फार महागात पडली.

संघटनेचे नाव कसे बदलत गेले, याविषयी साधनांत किरकोळ तफावत आहे. सामान्यतः स्वीकारला जाणारा क्रम असा : १९५५ मध्ये मिझो कल्चरल सोसायटी स्थापन झाली आणि लालडेंगा तिचे सचिव होते, १९६० च्या पूर्वार्धात तिचे ‘मौताम फ्रंट’ व त्याच वर्षी सप्टेंबरच्या सुमारास ‘मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट’ असे नामांतर झाले, दुष्काळ ओसरल्यावर ‘फॅमिन’ हा शब्द गळाला आणि मिझो नॅशनल फ्रंट हा राजकीय पक्ष उभा राहिला. स्थापनेची तारीख बहुतेक ठिकाणी २२ ऑक्टोबर १९६१ अशी दिलेली आढळते. लालडेंगा (१९२७–९०) हे भारतीय सैन्यात हवालदार होते आणि नंतर जिल्हा परिषदेच्या कचेरीत हिशेबाचे काम करीत. दुर्गम गावांपर्यंत पाठीवरून धान्य पोहोचवणारे तरुण स्वयंसेवक हेच पुढे पक्षाचे आणि नंतर मिझो नॅशनल आर्मी या त्याच्या सशस्त्र दलाचे मनुष्यबळ ठरले.

मौताम हेच बंडाचे कारण होते काय, यावर मात्र मतभेद आहेत. एका मतानुसार दुष्काळातील सरकारी अनास्था हेच मूळ कारण होय. दुसरे मत १९६० च्या आसाम राजभाषा अधिनियमाला अधिक महत्त्व देते, कारण त्यामुळे असमिया न बोलणाऱ्या डोंगरी जमातींत परकेपणाची भावना वाढली. तिसऱ्या मताप्रमाणे भारतात राहावे की राहू नये, हा वाद १९४७ पासूनच चालू होता. युनायटेड मिझो फ्रीडम ऑर्गनायझेशन या पक्षाने तेव्हा ब्रह्मदेशात सामील होण्याचा पुरस्कार केला होता, तर १९४६ मध्ये स्थापन झालेल्या मिझो युनियनने भारतात राहण्याची बाजू घेतली. आसामचे तत्कालीन मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चलिहा यांनी वेगळे डोंगरी राज्य मागणाऱ्या मिझो युनियनला शह देण्यासाठी आरंभी फ्रंटकडे सहानुभूतीने पाहिले, असेही काही अभ्यासक मानतात. या मतांपैकी तिसरे अधिक ग्राह्य वाटते : दुष्काळाने असंतोषाला संघटना दिली, असंतोष आधीचा होता.

१९६२ च्या आसाम विधानसभा निवडणुकीत फ्रंटला यश आले नाही. पुढच्या वर्षीच्या पोटनिवडणुकांत मात्र तिचे दोन उमेदवार निवडून आले आणि ग्रामपरिषदांतही तिने शिरकाव केला. म्हणजे मतपेटीचा मार्ग तिला बंद नव्हता. परंतु आसामच्या विधानसभेत मिझो टेकड्यांच्या वाट्याला आलेल्या मोजक्या जागा जिंकून तिच्या मागणीचे काही होण्यासारखे नव्हते. ३० ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधानांना दिलेल्या निवेदनात मिझो हे एक वेगळे राष्ट्र असल्याची मांडणी तिने केली, आणि त्याच काळात पूर्व पाकिस्तानातून शस्त्रे व प्रशिक्षण मिळवण्याचे प्रयत्नही चालू होते. निवडणुकीतला सहभाग आणि बंडाची तयारी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू शकतात, हे ध्यानात घेतले पाहिजे.

२८ फेब्रुवारी १९६६ च्या रात्री ‘ऑपरेशन जेरिको’ या नावाने उठाव सुरू झाला. हे नाव बायबलमधील तटबंद शहरावरून घेतलेले असून ख्रिस्ती झालेल्या समाजात त्याचा अर्थ सांगावा लागत नव्हता. ऐझॉलचा खजिना लुटला गेला, लुंगलेई ताब्यात घेण्यात आले, आसाम रायफल्सच्या ठाण्यांना वेढे पडले आणि १ मार्च रोजी स्वातंत्र्याची घोषणा झाली. सरकारने जिल्हा अशांत क्षेत्र म्हणून जाहीर केला आणि ६ मार्च रोजी फ्रंटवर बंदी घातली. दरम्यान भारतीय वायुदलाच्या विमानांनी ऐझॉलवर हल्ला केला. त्याचा प्रारंभ काही साधने ४ मार्चला, तर बहुसंख्य साधने ५ मार्चला झाल्याचे सांगतात. मिझोराममध्ये ५ मार्च हाच दिवस ‘झोराम नी’ म्हणून पाळला जात असल्याने ती तारीख अधिक विश्वसनीय मानावी. विमाने माणसे व रसद उतरवण्यासाठी पाठवली होती, असे त्या वेळी अधिकृतपणे सांगण्यात आले. प्रत्यक्षदर्शींच्या साक्षी मात्र बाँबवर्षाव व मशीनगनचा मारा यांच्याविषयी एकमुखी आहेत. आपल्याच भूमीवरील नागरी वस्तीवर वायुदल वापरल्याचे स्वतंत्र भारतातील हे एकमेव उदाहरण समजले जाते. यशवंतराव चव्हाण त्या वेळी संरक्षणमंत्री होते आणि नोव्हेंबर १९६६ पासून ते गृहमंत्री झाले, त्यामुळे बंडाच्या पहिल्या पर्वातील प्रमुख निर्णय त्यांच्या खात्यांशी निगडित आहेत.

त्या निर्णयांपैकी सर्वांत दूरगामी निर्णय गावे एकत्र करण्याचा होता. बंडखोरांना अन्न व आसरा मिळू नये म्हणून जानेवारी १९६७ पासून विखुरलेली गावे रिकामी करून लोकांना मुख्य रस्त्यांलगतच्या, लष्करी पहाऱ्यातील केंद्रांत हलवण्यात आले. मलायात ब्रिटिशांनी वापरलेली पद्धत हा याचा नमुना होता. १९७० पर्यंत चार टप्प्यांत ७६४ पैकी ५१६ गावे शंभराहून अधिक केंद्रांत कोंबली गेली, असा सामान्यतः दिला जाणारा हिशेब असून सुमारे ८० टक्के लोकसंख्येला त्याची झळ पोहोचली. मागे राहिलेली घरे व धान्य जाळण्यात आले. झूम शेतीचे चक्र मोडले आणि स्वावलंबी गावे शिध्यावर जगू लागली. १९६६ ते १९८६ या कालखंडाला मिझो लोक ‘रामबुआई’, म्हणजे अशांत भूमीचा काळ म्हणतात, आणि त्यांच्या बोलण्यात लढाईपेक्षा या स्थलांतराचे दुःखच अधिक येते.

१९७१ च्या युद्धानंतर पूर्व पाकिस्तानातील चितगाँग टेकड्यांमधले फ्रंटचे तळ गेले आणि लालडेंगा पाकिस्तानच्या आश्रयाला गेले. २१ जानेवारी १९७२ रोजी मिझोराम केंद्रशासित प्रदेश झाला. १ जुलै १९७६ च्या समझोत्यात फ्रंटने मिझोराम हा भारताचा अविभाज्य भाग असल्याचे व तोडगा संविधानाच्या चौकटीत काढण्याचे मान्य केले. तत्त्वतः प्रश्न तेथेच सुटला होता, तरीही पुढची दहा वर्षे गेली. शस्त्रे कधी द्यावीत आणि निवडून आलेले मंत्रिमंडळ दूर करून अंतरिम सत्ता फ्रंटकडे द्यावी काय, हे दोन मुद्दे अडून बसले. निवृत्त ब्रिगेडियर टी. सायलो यांच्या पीपल्स कॉन्फरन्सचे सरकार लोकांनी निवडून दिलेले होते आणि बंडखोरांसाठी ते बाजूला करणे न्याय्य नव्हते, ही बाजू दुर्बल म्हणता येणार नाही. १९८२ मध्ये बोलणी फिसकटून लालडेंगा लंडनला गेले. ऑक्टोबर १९८४ मध्ये ते दिल्लीस परतले. इंदिरा गांधींशी त्यांची भेट ३१ तारखेला ठरली होती आणि त्याच दिवशी सकाळी इंदिरा गांधींची हत्या झाली. या सर्व काळात चर्चचे नेते दोन्ही बाजूंत दुवा राखून होते.

अखेर १९८६ मध्ये झालेल्या करारावर लालडेंगा, केंद्रीय गृहसचिव राम प्रधान आणि मिझोरामचे मुख्य सचिव लालखामा यांच्या सह्या आहेत. प्रधान हे महाराष्ट्र केडरचे अधिकारी; चव्हाण संरक्षणमंत्री असताना ते त्यांचे खाजगी सचिव होते, आणि ३० जून १९८६ हा त्यांच्या सेवेचा शेवटचा दिवस होता. कराराची रचना समजून घेण्यासारखी आहे. प्रकट दस्तऐवजात शस्त्रे ठेवणे, पक्षाची घटना कायद्याशी सुसंगत करणे, शेजारच्या बंडखोर संघटनांना साहाय्य न देणे, पूर्ण राज्याचा दर्जा आणि पुनर्वसन हे विषय आहेत; सत्तेची वाटणी त्यात नाही, ती काँग्रेस व फ्रंट यांच्यातील स्वतंत्र राजकीय समझोत्याने ठरली. संविधानाच्या ५३ व्या दुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ३७१-जी अन्वये मिझोंच्या धार्मिक व सामाजिक चालीरीती, रूढिगत कायदा व त्यानुसारचा न्याय, तसेच जमिनीची मालकी व हस्तांतरण यांविषयीचा संसदेचा कायदा राज्य विधानसभेच्या ठरावाशिवाय मिझोरामला लागू होत नाही. यामुळे विधानसभेची जागा जिंकण्याला १९६३ मध्ये नसलेला अर्थ प्राप्त झाला. फ्रंटच्या पुनःप्रवेशाचे मर्म येथे आहे. शेजारील प्रांतांतील मिझो वस्तीच्या एकीकरणाची मागणी मात्र नोंदवून घेण्यापलीकडे गेली नाही.

काँग्रेसचे मुख्यमंत्री लाल थनहौला यांनी पद सोडून उपमुख्यमंत्रिपद स्वीकारले आणि २१ ऑगस्ट १९८६ रोजी लालडेंगा मुख्यमंत्री झाले. स्वतःचे पद सोडण्याच्या या कृतीची दखल जितकी घ्यायला हवी तितकी घेतली जात नाही. फेब्रुवारी १९८७ च्या निवडणुकीत ४० पैकी फ्रंटला २४, काँग्रेसला १३ आणि पीपल्स कॉन्फरन्सला ३ जागा मिळाल्या. पक्षाला तोवर मान्यता नसल्याने निवडणूक आयोगाच्या आकडेवारीत हे २४ सदस्य अपक्ष म्हणून दिसतात. २० फेब्रुवारी १९८७ रोजी मिझोराम राज्य अस्तित्वात आले.

दीड वर्षात पक्षात फूट पडली, सरकार अल्पमतात आले आणि सप्टेंबर १९८८ मध्ये राष्ट्रपती राजवट लागू झाली. जानेवारी १९८९ च्या निवडणुकीत फ्रंट १४ जागांवर थांबला व काँग्रेस सत्तेवर आली. जंगलातून बाहेर येऊन जेमतेम अडीच वर्षे झालेल्या, शस्त्रांची सवय असलेल्या आणि आपल्याला दगा झाला असे मानण्यास कारण असलेल्या संघटनेने त्या वेळी विरोधी बाकांवर बसणे पत्करले. नागा टेकड्यांत १९७५ च्या शिलाँग करारानंतर असे घडले नाही : तेथे करारावर सह्या करणाऱ्यांना साऱ्या चळवळीच्या वतीने बोलण्याचा अधिकार नव्हता आणि १९८० मध्ये नवी सशस्त्र संघटना उभी राहिली. नेपाळच्या माओवाद्यांनीही २००८ मध्ये जिंकलेली सत्ता पुढच्या वर्षी सोडली आणि २०१३ चा पराभव पचवला. त्यांचे उदाहरण या बाबतीत मिझोरामला अधिक जवळचे आहे.

लालडेंगा ७ जुलै १९९० रोजी लंडन येथे निवर्तले. त्यांच्यानंतर बंडाच्या काळातील त्यांचे सहकारी झोरामथंगा अध्यक्ष झाले; १९९८ ते २००८ व २०१८ ते २०२३ या काळात ते मुख्यमंत्री होते. २००६-०७ चा मौताम त्यांच्याच कारकिर्दीत आला आणि दुष्काळातून जन्मलेल्या पक्षावर दुष्काळनिवारणाची जबाबदारी पडली; २००८ मध्ये त्याला केवळ ३ जागा मिळाल्या. २०२३ मध्ये झोराम पीपल्स मूव्हमेंटने २७ जागा जिंकल्या व फ्रंटकडे १० उरल्या. चर्चच्या पुढाकाराने २००६ मध्ये स्थापन झालेला मिझोराम पीपल्स फोरम निवडणूक प्रचारावर नैतिक देखरेख ठेवतो. ३० जून हा दिवस ‘रेमना नी’, म्हणजे शांततेचा दिवस, म्हणून पाळला जातो.

करारात सामावून न घेतलेल्या लहान जमातींच्या बाबतीत हे चित्र अपुरे आहे. हमार पीपल्स कन्व्हेन्शनने स्वायत्ततेसाठी शस्त्रे उचलली आणि १९९४ मध्ये राज्य सरकारशी समझोता केला. १९९७ मधील संघर्षानंतर हजारो ब्रू (रिआंग) कुटुंबे त्रिपुरात विस्थापित झाली. त्यांना तेथेच कायमचे वसवण्याचा करार १६ जानेवारी २०२० रोजी झाला आणि त्यावर मिझोराम सरकारच्या वतीनेही सही झाली, तेव्हा सत्तेवर फ्रंटच होता.