बाटलीवरचा कडता

सोलापूरच्या बाजार समितीत कांदा विकलेल्या माणसाला कडता म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. माती, पाला, ओल गृहीत धरून पोत्याच्या वजनातून थोडं आधीच कापलं जातं. रिकाम्या बाटल्यांचं पोतं भंगारवाल्याच्या काट्यावर चढतं तेव्हाही तेच होतं, फक्त तिथे त्याला कुणी नाव देत नाही. दरच खाली येतो. का येतो, याचं कारण दुकानदाराच्या स्वभावात कमी आणि पुढच्या कारखान्याच्या भट्टीत जास्त सापडतं.

आधी वजनाचा हिशेब. थंड पेयाचा ॲल्युमिनियमचा कॅन १३ ते १५ ग्रॅमचा, म्हणजे किलोला ७० च्या आसपास कॅन. पाण्याची लिटरची बाटली साधारण २० ग्रॅम, किलोला पन्नासेक. गॅसच्या पेयाच्या बाटलीला आतला दाब सोसावा लागतो, म्हणून तिचं प्लास्टिक जाड आणि तळाला पाच पाय. दोन लिटरची बाटली ४५-५० ग्रॅम भरते. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरून पोतंभर बाटल्या गोळा केल्या तरी पोतं फुगलेलं दिसतं आणि काटा जेमतेम हलतो, तो यामुळेच.

कॅनचा दर बाटलीच्या कितीतरी पट असतो, आणि तो रास्त आहे. खनिजापासून काढलेल्या अल्युमिनातून एक किलो ॲल्युमिनियम वेगळं करायला १४ युनिटच्या आसपास वीज लागते. जुना कॅन ६६० अंशांच्या थोडं वर वितळवला की काम भागतं. ऊर्जा जवळजवळ ९५ टक्के वाचते. एका कॅनमागे वाचणाऱ्या विजेवर ९ वॅटचा दिवा वीस तास जळेल.

पण कॅनचा पत्रा बाजूला जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड. रंग जाळून टाकला तर माल स्वच्छ होईल, असा समज करून कुणी कॅन शेकोटीत टाकतात. तसं करू नये. इतक्या पातळ पत्र्याचं हवेत ऑक्साइड होतं, ते भट्टीत धातू न होता वरच्या मळीत जातं आणि वजन तिथेच बुडतं. आतला संरक्षक लेप आणि बाहेरचा रंग कारखाना स्वतः बेताच्या उष्णतेवर काढतो. आपण फक्त कॅन उपडा करून निथळवावा, अर्ध्या पेल्या पाण्याने खळबळावा आणि उन्हात ठेवावा. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये तासाभरात खणखणीत वाळतो. मग पायाने चेपावा. वरची कडी तोडून वेगळी करू नये. सुटा तुकडा हरवतो, एवढंच. शंका असेल तर चुंबक लावून पाहावं. चिकटला तर तो लोखंडी पत्रा, त्याचं पोतं वेगळं.

वजन वाढावं म्हणून कॅनमध्ये वाळू किंवा पाणी ठेवण्याची चलाखी नवी नाही. वाळूने फक्त दर पडतो. पाणी मात्र जीवघेणं आहे: वितळलेल्या ॲल्युमिनियमखाली थेंबभर पाणी अडकलं तरी त्याची क्षणात वाफ होते आणि धातू भट्टीबाहेर उडतो. ओला माल नाकारणारा दुकानदार उगाच नखरे करत नाही.

बाटलीचं गणित जास्त नाजूक. पाण्याची, सरबताची पारदर्शक बाटली पेट नावाच्या प्लास्टिकची असते. तळाशी त्रिकोणात १ हा आकडा आणि मधोमध एक गोल ठिपका. ठिपक्याऐवजी आडवी रेघ असेल तर ती बाटली पेट नव्हे. झाकण वेगळ्या प्लास्टिकचं. घरीच पाहता येतं: बाटलीचा तुकडा पेल्यातल्या पाण्यात टाका, तो बुडतो, झाकणाचा तुकडा तरंगतो. कारखान्यात बाटल्यांचा चुरा हौदात टाकून हेच केलं जातं. म्हणून मानेवर राहिलेल्या कड्याची फिकीर नको. झाकण मात्र काढावंच, नाहीतर आतली हवा आणि उरलेलं पाणी अडकून बाटली चेपतच नाही. गोड पेय तळाशी राहून झाकण बंद असेल तर ते आंबतं, बाटली फुगते, पोत्याला मुंग्या लागतात.

हौदाला फसवणाऱ्यांत सर्वांत त्रासदायक पीव्हीसी नावाचं दुसरं प्लास्टिक. काही बाटल्यांना घट्ट चिकटून बसणारी चकचकीत वेष्टनं त्याची असतात. ते पेटइतकंच जड, म्हणून पेटबरोबर बुडतं. पेट वितळवायला २५० अंशांहून जास्त तापवावं लागतं. तेवढ्या उष्णतेत पीव्हीसी करपून काळे ठिपके पडतात आणि त्यातून निघणारं आम्ल पेटच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतं. टनभर मालात शंभरेक ग्रॅम पीव्हीसीही पुरते. ओलही हेच करते, म्हणून वितळवण्याआधी चुरा दीडशे अंशांच्या वर काही तास वाळवतात. वितळलेल्या पेटचा पॉलिस्टरचा धागा ओढतात; साखळ्या तुटल्या की तो ओढताना तुटतो. यंत्रमागावर सतत तुटणाऱ्या सुताचा वैताग या शहराला ठाऊक आहेच. तेव्हा वेष्टन फाडून काढा, हिरव्या-निळ्या बाटल्या पांढऱ्यांत, म्हणजे बिनरंगी पारदर्शक बाटल्यांत, मिसळू नका. पांढऱ्या चुऱ्याला कोणताही रंग देता येतो, हिरव्याला नाही.

स्वच्छ मालाला पुढे मागणी आहे. केंद्राच्या नियमांत कडक प्लास्टिक वेष्टनात (त्यात बाटल्याही आल्या) पुनर्वापरित प्लास्टिक वापरायचं प्रमाण २०२५-२६ साठी ३० टक्के ठरलं होतं, पुढे ते वर्षागणिक वाढतं. बाटली परत घेण्याची किंमत तिच्यावरच छापण्याची तरतूद महाराष्ट्राच्या २०१८ च्या प्लास्टिकबंदीत होती; काट्यावर मात्र अजून वजनच चालतं. निलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून दारूच्या बाटलीवर दहा रुपये जादा घेऊन बाटली परत दिली की ते परत करतात. जर्मनीत २००३ पासून एकदाच वापरायच्या बाटलीवर अनामत आहे, आज ती २५ सेंट. तिथलं यंत्र बाटलीवरच्या बारकोडच्या पट्ट्या वाचतं, म्हणून चेपलेली बाटली ते नाकारू शकतं. आपल्याकडे नेमकं उलट.

काचेची सोडा-बिअरची बाटली अख्खी असेल तर नगावर जाते. फुटली की किलोवर, आणि तो दर नावापुरता. आंब्याच्या सरबताचा कागदी खोका कुणी सहसा घेत नाही: कागद, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले, सोडवणार कोण?

नेताना कॅन, पांढऱ्या बाटल्या, रंगीत बाटल्या आणि झाकणं प्लास्टिकच्या वेगवेगळ्या गोण्यांत न्यावीत. अशी रिकामी गोणी शंभरेक ग्रॅमची असते. तागाचं बारदान सहज अर्ध्या किलोचं, आणि तेवढ्या वजनात पंचवीस बाटल्या बसतात. काट्यावर ते किती धरून वजा केलं, हे त्याच वेळी विचारावं.