युद्धस्मारकावरील नावाचा शोध

युद्धात कामी आलेल्या सैनिकाचे नाव स्मारकावर कोरलेले असते. पण ते नेमके कोणाचे, हे पुष्कळदा त्या गावातही कोणाला सांगता येत नाही. तो कोणाचा मुलगा, कोणत्या पलटणीतला, कुठे आणि कधी पडला, हे जुन्या कागदपत्रांवरून ठरवणे म्हणजे स्मारकावरील नावाचा शोध. हे काम बहुतेक हौशी अभ्यासक आणि सैनिकांचे वंशज करतात. असे शोध मुख्यतः पहिल्या महायुद्धातील (१९१४–१८) सैनिकांचे असतात. साध्या शिपायाचेही नाव दगडावर यावे, ही पद्धत त्या युद्धानंतरच सर्वत्र रुजली, आणि त्यात पडलेल्यांना ओळखणारे आता बहुधा कोणी हयात नाही.

शोधाची सुरुवात दगडापासूनच करावी. ब्रिटनमधल्या गावोगावच्या स्मारकांवर बहुधा आडनाव आणि आद्याक्षरे एवढेच असते. हुद्दा किंवा पलटण असली तर नशीब. कोणाचे नाव घ्यायचे हे तिथे सरकारने ठरवले नव्हते. गावातली समिती, चर्च, शाळा किंवा कारखाना वर्गणी काढून स्मारक उभारी आणि यादीही तेच करीत. कुठे गावात जन्मलेल्यांची नावे घेतली, कुठे तिथे नोकरीला असलेल्यांची, तर कुठे आईवडील युद्धानंतर गावात राहायला आले म्हणून मुलाचे नाव आले. त्यामुळे एकच माणूस तीन-चार स्मारकांवर सापडतो, आणि दुसऱ्या एखाद्याचे नाव कुठेच नसते. लष्करी न्यायालयाने पळपुटेपणासारख्या आरोपांवरून गोळ्या घातलेल्यांची नावे काही गावांनी गाळली होती. अशा ३०६ ब्रिटिश व साम्राज्यातील सैनिकांना २००६ च्या कायद्याने माफी मिळाली. अनेक स्मारकांवर ‘१९१४–१९१९’ अशी वर्षे दिसतात, ती चूक नव्हे. लढाई नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबली, पण जर्मनीशी व्हर्सायचा तह जून १९१९ मध्ये झाला.

यानंतर बहुतेक जण राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची सूची उघडतात. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या या आयोगाकडे दोन्ही महायुद्धांतील, ब्रिटन व त्याच्या साम्राज्यातील सुमारे १७ लाख मृतांच्या नोंदी आहेत. पहिल्या युद्धासाठी त्याने ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ हा काळ धरला आहे. त्यानंतर जखमांनी वारलेला माणूस या सूचीत नसतो, गावच्या दगडावर मात्र असू शकतो. फ्रान्समध्ये ‘फ्रान्ससाठी मृत’ असा अधिकृत दर्जा मिळालेल्या तेरा लाखांहून अधिक सैनिकांची पत्रके आता घरबसल्या पाहता येतात. त्यांवर जन्मतारीख आणि जन्मगाव असते, त्यामुळे तिथला शोध बराच सोपा होतो.

ब्रिटिश शोध कुठे अडतो, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. दगडावर ‘जे. विल्यम्स’ एवढेच आहे. सूचीत या नावाचे शेकडो जण निघतात. त्यांतला एक जवळच्या परगण्याच्या पलटणीत होता, म्हणून तोच आपला, असे मन लगेच म्हणू लागते. या शोधातल्या सर्वाधिक चुका इथेच होतात. युद्धाच्या उत्तरार्धात नव्या भरतीला जिथे माणसे कमी तिथे पाठवत, त्यामुळे पलटणीच्या नावावरून गाव ठरत नाही. गावाशी नाते सांगणारा स्वतंत्र कागद हाती येईपर्यंत तो माणूस ‘संभाव्य’च राहिला पाहिजे. असा कागद म्हणजे १९११ च्या जनगणनेतले घर, शाळेचा दाखला किंवा स्थानिक वर्तमानपत्रातली निधनवार्ता. माझ्या मते यांत सर्वांत मोलाचे वर्तमानपत्र. आईला आलेले कॅप्टनचे पत्र, शिपायाचा फोटो, घराचा रस्ता, हे सगळे तिथे एकाच कात्रणात मिळून जाते.

सैनिकाचा क्रमांकही जपून वापरावा लागतो. १९२० पूर्वी ब्रिटिश लष्करात क्रमांक पलटणीपुरता असे. एकच क्रमांक अनेक पलटणींत अनेकांना दिलेला सापडतो. पलटण बदलली की क्रमांक बदले, आणि १९१७ मध्ये प्रादेशिक सेनेतल्या सर्वांना नवे क्रमांक मिळाले. एकाच माणसाचे तीन क्रमांक पाहून तीन माणसे समजण्याची चूक सहज होते.

सेवेचे मूळ कागद मिळाले तर निम्मे काम होते, पण ते मिळतीलच असे नाही. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवर झालेल्या बॉम्बवर्षावात युद्धखात्याचे कोठार पेटले आणि पहिल्या महायुद्धातील शिपायांचे सुमारे ६० टक्के कागद जळाले. जे वाचले ते ‘जळके कागद’ म्हणूनच ओळखले जातात. पानाची कड काळी पडून कुरतडल्यासारखी झालेली, विझवायच्या पाण्याने शाई पसरलेली, आणि नेमका वारसाच्या नावाचा कोपरा गेलेला. अमेरिकेत १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुइसच्या दप्तरखान्याला आग लागली आणि १९१२ ते १९५९ या काळात सेवेतून सुटलेल्या भूदल सैनिकांचे सुमारे ८० टक्के कागद गेले. जर्मन सैन्याचा सर्वांत मोठा भाग असलेल्या प्रशियन लष्कराचे पॉट्सडॅम येथील दप्तर एप्रिल १९४५ च्या हवाई हल्ल्यात नष्ट झाले. जर्मन सैनिकासाठी त्या काळी छापलेल्या हानीच्या (मृत, जखमी व बेपत्ता सैनिकांच्या) याद्यांचा आधार घ्यावा लागतो.

मूळ कागद नसले की आडवाटेने जावे लागते. ब्रिटिश पदकपत्रकावर नाव, क्रमांक आणि पलटण मिळते. पहिल्या युद्धातल्या पदकाच्या कडेवरही ती माहिती कोरलेली असते. दुसऱ्या युद्धात ब्रिटिश भूदलाची पदके नावाशिवाय दिली गेली. पहिल्या युद्धातल्या प्रत्येक मृताच्या घरी धाडलेल्या सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाच्या कांस्यचकतीवर मात्र फक्त नाव असते. मृत्यूपुढे सगळे सारखे, म्हणून हुद्दा मुद्दामच घातला नव्हता. शोधणाऱ्याला त्याने अडचण होते, पण निर्णय योग्यच होता. आणखी एक कागद म्हणजे मृत सैनिकाच्या शिल्लक पगाराची वही. पैसे कोणाला दिले, विधवेला की आईला, हे त्यात असते. त्यात नोंदलेली युद्ध-बक्षिसी सेवेच्या कालावधीप्रमाणे ठरत असल्याने रकमेवरून भरतीचा महिनाही साधारण काढता येतो.

तो कसा पडला, हे पलटणीच्या युद्धदैनंदिनीवरून कळते. तिच्यात सहसा अधिकाऱ्यांचीच नावे असतात. शिपाई म्हणजे त्या दिवसाच्या हानीतला एक आकडा. मृत्यूची तारीख दैनंदिनीतल्या हल्ल्याशी जुळवून मगच काही म्हणता येते. ही तारीखही अनेकदा हजेरी घेतल्यावर लिहिलेली असते; तो त्याआधी एक-दोन दिवस पडलेला असू शकतो.

काही नावांचा माग कधीच लागत नाही, कारण ती खोटी होती. वय कमी म्हणून, घरच्यांना कळू नये म्हणून, किंवा आधी एका पलटणीतून पळालेला म्हणून कोणी दुसऱ्याच नावाने भरती होई. गावाने दगडावर खरे नाव कोरले आणि लष्कराकडे टोपणनाव राहिले, तर दोन्ही जुळवायला बहुधा वारसाचा पत्ताच कामी येतो.

भारतीय सैनिकांच्या बाबतीत अडचण वेगळी, आणि अन्याय मोठा. फ्रान्समधल्या नव शापेल येथील १९२७ च्या स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे आहेत. ती इंग्रजी कारकुनाच्या कानाला जशी वाटली तशी रोमन लिपीत उतरली. एकच नाव चार प्रकारे लिहिलेले आढळते, आणि आडनाव अनेकदा नसतेच. त्याउलट आयोगाच्या नोंदीत बापाचे नाव, गाव आणि जिल्हा पुष्कळदा असतो, तो बहुसंख्य ब्रिटिश नोंदींपेक्षा उपयोगी पडतो. इराकमधल्या बसरा स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे आली, शिपायांची मात्र फक्त संख्या कोरली गेली. पहिल्या युद्धातील किमान १,१६,००० मृतांचे, मुख्यतः आफ्रिकी, भारतीय आणि मध्यपूर्वेतल्या माणसांचे, नावानिशी किंवा अजिबातच स्मरण झाले नाही, असे आयोगाच्याच समितीने २०२१ मध्ये मान्य केले. लाहोर संग्रहालयात पडून असलेल्या पंजाबी सैनिकांच्या वह्या अलीकडे संगणकावर आणल्या गेल्या. त्यांत सुमारे ३ लाख २० हजार जणांच्या नोंदी आहेत. दगडावर नाव नसलेल्यांपर्यंत पोहोचायला असे कागद हाच मार्ग आहे.

नाव एकीकडे आणि देह दुसरीकडे, हे या युद्धात लाखोंच्या बाबतीत घडले. त्याचे एक कारण अगदी साधे आहे. ब्रिटिश सैनिकाच्या गळ्यात १९१६ पर्यंत ओळखीचा एकच बिल्ला असे. मृत्यूची नोंद करायला तो काढून नेला की देह निनावी राहिला. त्यानंतर दोन बिल्ले आले: गोल लाल काढून न्यायचा, अष्टकोनी हिरवा देहावर ठेवायचा. दोन्ही दाबलेल्या तंतूंचे असल्याने ओल्या मातीत कुजून जात. अशा बेपत्तांसाठीच बेल्जियममध्ये ईपर येथे मेनिन गेट (१९२७, ५४,००० हून अधिक नावे) आणि फ्रान्समध्ये तीपव्हालचे स्मारक (१९३२, ७२,००० हून अधिक नावे) उभारले गेले.

कधीकधी नाव आणि देह पुन्हा एकत्र येतात. जुलै १९१६ मध्ये फ्रान्समधल्या फ्रोमेलच्या लढाईत पडलेल्या ऑस्ट्रेलियन व ब्रिटिश सैनिकांना जर्मनांनी एका रानाच्या कडेला खड्ड्यांत पुरले होते. २००९ मध्ये तिथून २५० देह काढले, वंशजांच्या डीएनएशी ते ताडून पाहिले आणि २०१० मध्ये नव्या दफनभूमीत ठेवले. आजवर दीडशेहून अधिक जणांची ओळख पटली आहे. निनावी थडग्याला नाव देण्यासाठी, तिथे दुसरे कोणी असू शकत नाही हे दाखवावे लागते: त्या हुद्द्याचे, त्या पलटणीचे, त्या भागात बेपत्ता झालेले बाकी सगळे एकेक करून वगळावे लागतात. दावा मान्य झाला की ‘फक्त देवाला ठाऊक’ असे कोरलेला जुना दगड काढून नावाचा नवा बसवतात. बेपत्तांच्या भिंतीवरचे त्याचे नाव मग तो फलक दुरुस्तीला निघाला की वगळले जाते.