बुशलँड म्हणजे रानातली नॅशनल पार्क, पार्क क्लोजर आणि फायर बॅन (न्यू साऊथ वेल्स)

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साऊथ वेल्स राज्यात नॅशनल पार्कला जायचं तर निघण्याआधी दोन गोष्टी बघायच्या असतात, पार्क उघडं आहे का आणि आज फायर बॅन, म्हणजे उघड्यावर आग पेटवायला बंदी, आहे का. दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि नवीन आलेल्या माणसाचा घोळ नेमका इथेच होतो.

आपल्याकडे नॅशनल पार्क म्हटलं की गेट, तिकीट, जिप्सी, गाईड आणि वाघ दिसणार का एवढंच डोक्यात येतं. इथे बहुतेक पार्कांना धड कुंपणसुद्धा नसतं, माणसं आपली आपण चालत जातात, पोहतात, तंबू ठोकून राहतात. सिडनी तर तीन बाजूंनी अशा रानाने वेढलेलं आहे: दक्षिणेला १८७९ साली जाहीर झालेलं रॉयल नॅशनल पार्क (अमेरिकेतल्या यलोस्टोननंतर जगातलं दुसरं सगळ्यात जुनं धरतात), उत्तरेला कु-रिंग-गाय चेस आणि पश्चिमेला ब्लू माउंटन्स, जिथे कटूंबापर्यंत लोकल ट्रेनने साधारण दोन तासात पोचता येतं. हे सगळं सांभाळणारं सरकारी खातं म्हणजे नॅशनल पार्क्स अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस, १९६७ पासूनचं.

हे रान मुळात जळणारंच आहे. निलगिरीच्या जातीच्या झाडांच्या पानात तेल असतं, सालीच्या लांब पट्ट्या सुटून खाली लोंबतात आणि पेटल्या की वाऱ्याबरोबर उडून कित्येक किलोमीटर पुढे नवीन आग लावतात. उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी, पण आगीचा कायदेशीर हंगाम १ ऑक्टोबर ते ३१ मार्च धरतात आणि कोरडं वर्ष असेल तर काही भागात तो आधीच सुरू करतात. सगळ्यात वाईट दिवस म्हणजे देशाच्या आतल्या वाळवंटी भागाकडून वायव्येचा गरम वारा सुटतो तो, आणि मग संध्याकाळकडे दक्षिणेचा गार वारा आला की लोकांना हायसं वाटतं पण आगीचं तोंड मात्र फिरतं आणि इतका वेळ जी आगीची लांबलचक कड होती तीच नवी आघाडी होऊन बसते. शिवाय आग चढावर जास्त जोरात पळते, दर १० अंश चढाला वेग साधारण दुप्पट होतो, म्हणजे वर डोंगरमाथ्याकडे पळालो की वाचलो हा हिशोब इथे उलटा पडतो.

आता बंदीचे प्रकार. टोटल फायर बॅन रूरल फायर सर्व्हिस (रानातल्या आगी विझवणारं राज्याचं खातं) जाहीर करते, तो एका पार्कपुरता नसून ग्रेटर सिडनी, ग्रेटर हंटर अशा अख्ख्या विभागाला लागतो, सहसा आदल्या दिवशी दुपारी-संध्याकाळी कळतो आणि साधारण मध्यरात्रीपासून पुढच्या मध्यरात्रीपर्यंत चालतो. त्या दिवशी उघड्यावर लाकूड-कोळसा काहीही पेटवायचं नाही. गॅस किंवा इलेक्ट्रिक बार्बेक्यूला सूट आहे पण अटींसकट, म्हणजे मान्यता असलेलीच पिकनिकची जागा, आजूबाजूला २ मीटरमध्ये पेटणारं काही नाही, पाणी हाताशी आणि एक जबाबदार मोठा माणूस सतत लक्ष ठेवून. पार्क यापेक्षा कडक नियम लावू शकतं, म्हणून त्या-त्या पार्कचं पान वाचलेलं बरं. बॅन मोडला तर जागेवरचा दंड २,२०० डॉलर आहे आणि प्रकरण कोर्टात गेलं तर तुरुंगवाससुद्धा होऊ शकतो.

पार्क फायर बॅन मात्र पार्कवालेच लावतात, एखाद्या पार्कपुरता, आणि राज्यात कुठेच टोटल फायर बॅन नसतानाही तो असू शकतो. सिगारेटचा प्रश्नच नाही, २०१५ पासून या पार्कांमध्ये धूम्रपान बंदच आहे.

तिसरं म्हणजे क्लोजर. फायर बॅन आहे म्हणून पार्क बंद असेलच असं नाही, आणि पार्क बंद आहे म्हणजे आगच लागली असेल असंही नाही. रॉयलमध्ये हॅकिंग नदीला पूर आला की ऑडली वेअरचा (बंधाऱ्यावरचा) रस्ता पाण्याखाली जातो. ब्लू माउंटन्समध्ये दरड कोसळली की ट्रॅक बंद होतात, २०२२ मध्ये वेंटवर्थ फॉल्सजवळ दरडीखाली दोघांचा जीव गेला होता. कधी हेलिकॉप्टरमधून उपद्रवी जनावरं मारायची असतात म्हणून बंद, तर कधी खातंच थंडीच्या आगेमागे ठरवून आग लावतं, पालापाचोळा कमी करायला, म्हणून बंद. पाटी लावून अडवलेल्या ट्रॅकवर शिरलं तर दंड होतो, ‘पाच मिनिटात फोटो काढून येतो’ वाल्यांनाही.

आगीच्या धोक्याची पातळी सप्टेंबर २०२२ पासून देशभर एकच केली आहे: मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम आणि कॅटास्ट्रॉफिक. शेवटची लागली की रानात जायचंच नाही, आणि त्या दिवशी पार्क सहसा बंदच ठेवतात. ग्रेटर सिडनीला ती पहिल्यांदा १२ नोव्हेंबर २०१९ ला लागली होती. त्याच हंगामात वोलेमाय नॅशनल पार्कमध्ये वीज पडून सुरू झालेल्या गॉस्पर्स माउंटनच्या आगीत ५ लाख हेक्टरच्या वर रान गेलं आणि ऐन नाताळच्या सुट्टीत एकामागून एक पार्क बंद झाली.

बघायचं कुठे, तर पार्कच्या साइटवर अलर्ट्स, रूरल फायर सर्व्हिसच्या साइटवर बॅन, आणि फोनवर ‘हॅझर्ड्स निअर मी’ ॲप. आदल्या रात्री बघून भागत नाही, सकाळी निघताना परत बघायचं, कारण दरीत उतरलं की रेंज जाते आणि मग ॲप असून नसल्यासारखं. ब्लू माउंटन्समध्ये लांब जाणाऱ्यांना सॅटेलाइटवर सिग्नल पाठवणारा बीकन फुकट वापरायला मिळतो, आपण कुठे जाणार आणि कधी परतणार हे कळवायचा फॉर्मही असतो, आणि इमर्जन्सीला नंबर ०००.

इथल्या मराठी मंडळींनी एक लक्षात ठेवायचं, दिवाळी याच हंगामाच्या सुरुवातीला येते. फटाके तर लायसन्सशिवाय कधीच चालत नाहीत, पण दिवाळीच्या दिवसांतली पार्कातली कणसं आणि कबाबसुद्धा त्या सकाळच्या बॅनवर अवलंबून असतात.