उतारावर विरघळणारं प्लॅटिनम

‘प्लॅटिनमला काही होत नाही’ असं विट्याच्या गलाई कारागिराला सांगून बघा, तो हसेल. खानापूर-आटपाडीकडची ही मंडळी देशभर सोन्याचांदीची गलाई, म्हणजे धातू वितळवून शुद्ध करण्याचं काम, करतात. आम्लराजात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात) सोनं कसं नाहीसं होतं, हे त्यांच्या नजरेखालचं. प्लॅटिनमही त्यात विरघळतं, फक्त जरा रडतखडत. हायड्रोजनवर चालणाऱ्या गाडीच्या फ्युएल सेलमध्ये मात्र आम्लराज नसतं. असतं ते ८० अंशांच्या आसपासचं तापमान, ओलावा आणि एक आम्लधर्मी पडदा. तेवढ्यातही प्लॅटिनम विरघळतं, आणि त्यात चालकाच्या पायाचा मोठा वाटा असतो.

सेलमध्ये एका बाजूनं हायड्रोजन येतो, दुसऱ्या बाजूनं हवा. मधल्या पातळ पडद्यातून प्रोटॉन पलीकडे जातात. इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेनं मोटर फिरवून तिथं पोचतात, आणि ऑक्सिजनशी गाठ पडून पाणी होतं. तत्त्व जुनंच, विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ च्या सुमारास दाखवलेलं. या क्रियांना वेग देणारा उत्प्रेरक म्हणजे प्लॅटिनम. हायड्रोजन चटकन फुटतो, ऑक्सिजन मात्र हटवादी. म्हणून बहुतेक प्लॅटिनम हवेच्या बाजूला लागतं, तेही कार्बनच्या भुकटीवर बसवलेल्या तीन-चार नॅनोमीटरच्या कणांच्या रूपात. इतक्या लहान कणात बरेचसे अणू पृष्ठभागावरच असतात, त्यामुळे महागडा धातू आत वाया जात नाही. पण उघड्यावरचे अणू सुटायलाही सोपे.

पुण्यात ऑगस्ट २०२२ मध्ये केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था यांनी मिळून केलेली फ्युएल सेलची बस रस्त्यावर आली. समजा, असाच एखादा भरलेला ट्रक पुण्याहून साताऱ्याकडे निघाला आणि खंबाटकी चढू लागला. आपल्याला वाटतं, आता सेलचे हाल. तसं नसतं. चढावर भरपूर करंट ओढला जातो आणि प्रत्येक सेलचं व्होल्टेज ०.६ व्होल्टच्या आसपास उतरतं. तिथं प्लॅटिनम बऱ्यापैकी सुरक्षित. माथा ओलांडून ट्रक सुरूरच्या बाजूला उतरू लागला, चालकानं पाय काढला, की करंट घटतो आणि व्होल्टेज ०.९ च्या पुढे जातं. कणांवर ऑक्साइडचा थर बसतो. खाली पुन्हा गाडी रेटली की तो थर निघतो, आणि निघताना काही अणूंना आयनरूपात, म्हणजे विद्युतभारित करून, सोबत नेतो. घाटापेक्षा सातारा शहरातली थांब-चाल अधिक वाईट ती याचमुळे.

सुटलेले आयन दोन ठिकाणी जातात. काही मोठ्या कणांवर जाऊन बसतात. फ्रीजरमध्ये फार दिवस राहिलेलं आइस्क्रीम खरखरीत होतं ना, बारीक स्फटिक संपून मोठे वाढतात, तसंच. धातू तेवढाच, पृष्ठभाग कमी. बाकीचे आयन पडद्यात शिरतात. तिथं झिरपून आलेला हायड्रोजन त्यांना पुन्हा धातू करतो, पण विजेच्या जोडणीबाहेर, म्हणजे निरुपयोगी.

प्लॅटिनममध्ये कोबाल्ट मिसळला की अणूंमधली अंतरं किंचित आखडतात, ऑक्सिजनवरची पकड योग्य तेवढी सैल होते आणि काम वेगानं होतं. टोयोटानं २०१४ च्या मिराईत हाच मिश्रधातू वापरला. पण कोबाल्ट आम्लात फार टिकणारा नाही. तो पाझरून पडद्यात जातो आणि प्रोटॉनच्या जागा अडवतो. म्हणून ‘अमुक पट प्रभावी’ अशी बातमी वाचली की मी आधी विचारतो, व्होल्टेजच्या किती चढउतारांनंतर? २००७ मध्ये प्लॅटिनम-निकेलच्या एका स्फटिकी पृष्ठभागानं तशाच शुद्ध प्लॅटिनमच्या दहापट क्रिया दाखवली; पण तो प्रयोगशाळेतला एकसंध स्फटिक होता, गाडीतली भुकटी नव्हे.

कोबाल्ट असा पाझरू नये म्हणून सध्या भर आहे तो अणूंची शिस्तबद्ध मांडणी करण्यावर: प्लॅटिनमचा एक थर, कोबाल्टचा एक थर, बाहेरून प्लॅटिनमची साल. ही मांडणी जमायला शेकडो अंशांची भट्टी लागते आणि भट्टीत कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. त्यांना आधी एखाद्या कवचात कोंडायचं, तापवायचं, मग कवच काढायचं, अशी खटपट करावी लागते.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागानं मोटारीसाठी ८,००० तास आणि ट्रकसाठी २०३० पर्यंत २५,००० तास टिकण्याचं लक्ष्य ठेवलं आहे. त्यासाठी ट्रकमध्ये जास्त प्लॅटिनम भरता येतं. इतकी वर्षं लागणाऱ्या हायड्रोजनच्या खर्चापुढे ते परवडतं. वरचं व्होल्टेजही सॉफ्टवेअरनं रोखतात आणि उताराचे हेलकावे बॅटरीवर ढकलतात. अडचण एवढीच, की सेलची कार्यक्षमता सर्वाधिक असते ती नेमकी त्या रोखलेल्या व्होल्टेजलाच.