पुढचा ऑर्गन, मागची पेटी : रामभाऊ विजापुरे यांच्या वाटचालीची पार्श्वभूमी

चर्चमध्ये ऑर्गन आधी वाजतो, गाणारे त्याच्यामागून येतात. कितीदा तर ऑर्गन वाजवणाराच गायकवृंदालाही सांभाळतो. आपल्या मैफलीत नेमकं उलटं. गवई पुढे, पेटीवाला त्याच्या मागोमाग. वाद्याचं कूळ मात्र एकच. बेळगावचे पेटीवादक पं. रामभाऊ विजापुरे यांची कारकीर्द कळायची तर ही उलटापालट आधी बघावी लागते.

हार्मोनियमचं पेटंट 1842 मध्ये पॅरिसला आलेक्सांद्र देबँ यांनी घेतलं. पायानं भाता मारायचा, खुर्चीत बसून वाजवायचं. साहेब आणि पाद्री ते इकडे घेऊन आले. बैठकीत मांडी घालून वाजवता येईल अशी हातभात्याची पेटी पुढे कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी घडवली. त्यात एक हात भात्यात अडकला, वाजवायला एकच उरला. बदल छोटा दिसतो, पण दोन हातांनी स्वरमेळ धरणारं वाद्य त्यामुळे एका गळ्यामागं धावणारं वाद्य झालं.

बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम 1820 पासूनचं, शिवाय कँपात गोऱ्या पलटणींची चर्चं. तरी इथल्या कानांना या सुरांची सवय प्रार्थनेपेक्षा नाटकानं जास्त लावली असावी, असं मला वाटतं. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांचं ‘शाकुंतल’ 1880 मध्ये पुण्यात रंगभूमीवर आलं. पुढे नाटक मंडळ्यांनी पायपेटी, म्हणजे ऑर्गन, रंगमंचासमोर आणून ठेवला. माईक नसलेल्या थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा तो भरदार सूर होता.

रामभाऊंचा जन्म 1917 सालचा, कागवाडचा. कृष्णाकाठचा हा भाग घरात कानडी, बाजारात मराठी, कधी त्याच्या उलट, असाच. त्यांच्या गुरूंच्या यादीतही अण्णिगेरी मल्लय्या आहेत आणि राजवाडे, गोविंदराव गायकवाड, हणमंतराव वाळवेकरही. पण माझ्या लेखी जास्त महत्त्वाची ती गाण्याची तालीम. रामकृष्णबुवा वझे, शिवरामबुवा वझे, कागलकरबुवा. वझेबुवांची गायकी म्हणजे अनवट, क्वचितच ऐकू येणाऱ्या रागांचं भांडार. ती गळ्यातून शिकलेल्या माणसाला गवई कुठल्या वळणावर जाणार याचा अंदाज आधी येतो. साथीचं अर्धं काम तिथंच होतं. उरलेलं अर्धं भात्याचं. हवा एकसारखी राहिली नाही तर सूर हलतो, आणि बोट गळ्याच्या पुढं गेलं तर गवई वळून बघतो.

1938 मध्ये त्यांनी बेळगावात श्रीराम संगीत महाविद्यालय काढलं. विद्यालय दोन वर्षांचं होतंय तोच 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओनं हार्मोनियमवर बंदी घातली. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. पेटीत मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघत नाही, आणि सप्तकाच्या बारा समान भागांत बसवलेल्या पट्ट्यांवर शुद्ध गंधार मूळ जागेपेक्षा सुमारे 14 सेंट (शेजारच्या दोन पट्ट्यांत 100 सेंटचं अंतर) चढा लागतो. तंबोऱ्याशी कान लावून बसणाऱ्याला तो खुपतोच. पण मैफली काही रेडिओच्या हुकमानं चालत नव्हत्या. गावोगावचे जलसे, उत्सव, भजनी मंडळं, सगळीकडे पेटी होतीच. 1950 मध्ये धारवाड आकाशवाणी सुरू झाली तीही या बंदीच्या काळातच. म्हणजे घराजवळचं केंद्र उघडलं, पण पेटीला तिथं जागा नव्हती. 1971 च्या सुमाराला साथीपुरती सवलत मिळाली. एकल वादनाला मात्र नंतरही बराच काळ दार बंद राहिलं.

या सगळ्या वर्षांत रामभाऊ मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी, कुमार गंधर्व यांच्या साथीला बसत होते. कुमार तर बेळगावजवळच्या सुळेभावीचेच. साथ मन्सूरांना वेगळी लागते, कुमारांना वेगळी. एकाच्या अखंड गुंफणीत शिरायला फट सापडत नाही, दुसऱ्याच्या अचानक थांबण्यात हात आवरावा लागतो.

साथ करता करता रामभाऊ एकल वादनही करत राहिले. 19 नोव्हेंबर 2010 ला, वयाच्या 93व्या वर्षी ते गेले. सुधांशु कुलकर्णी, रवींद्र काटोटी हे त्यांचे शिष्य. दोघेही साथीबरोबर एकल पेटी वाजवतात.