समुद्रसपाटीपासूनची उंची आणि रेडिओ मनोऱ्यावरील वाऱ्याचा भार

समुद्रसपाटीपासून वर जावे तशी हवा विरळ होते. त्यामुळे वेग तोच असला तरी उंच प्रदेशातला वारा मनोऱ्याला कमी जोराने ढकलतो. वाऱ्याचा दाब काढताना हवेच्या घनतेला वेगाच्या वर्गाने गुणून निम्मे करतात. प्रमाणित वातावरणात, म्हणजे हिशेबासाठी ठरवलेल्या सरासरी वातावरणात, ही घनता समुद्रसपाटीला घनमीटरमागे १.२२५ किलो, तर ३,००० मीटरवर ०.९०९ किलो असते. सेकंदाला ४० मीटर वेगाचा वारा समुद्रसपाटीला चौरस मीटरवर सुमारे ९८० न्यूटन दाब देतो. ३,००० मीटरवर तोच दाब ७२७ न्यूटन, म्हणजे २६ टक्के कमी.

स्थळाची उंची आणि मनोऱ्याची उंची यांची गल्लत मात्र महागात पडते. जमिनीपासून वर जाताना घर्षणाचा अडथळा कमी होऊन वेग वाढतो. मोकळ्या मैदानात वेग उंचीच्या एकसप्तमांश घाताच्या प्रमाणात वाढतो हा नेहमीचा नियम धरला, तर १०० मीटरवरचा वेग १० मीटरवरच्या १.३९ पट आणि दाब जवळजवळ दुप्पट होतो. तेवढ्या अंतरात घनता एक टक्कासुद्धा घटत नाही. शिवाय अँटेना आणि डिश बहुधा टोकाजवळच असतात, त्यामुळे पायावर येणारे आघूर्ण, म्हणजे मनोऱ्याला उलथवू पाहणारा जोर, आणखी वाढते.

डोंगरमाथ्यावर तर विरळ हवेची सवलत सहज गिळली जाते. चढावर वारा दाटून वेगवान होतो. वेग ३० टक्के वाढला की दाब ६९ टक्के वाढतो. अमेरिकेतील माउंट वॉशिंग्टन हे शिखर जेमतेम १,९१७ मीटर उंच, पण १२ एप्रिल १९३४ रोजी तिथे ताशी ३७२ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. थंडीही घनता वाढवते: हवेचा दाब तोच असताना तापमान १५ अंशांवरून उणे २० अंश सेल्सिअसवर आले, तर हवा सुमारे १४ टक्के जड होते. जाळीदार मनोऱ्यावर आणि ताणतारांवर बर्फ चढले की वाऱ्याला अडवणारे क्षेत्रफळच वाढते. माझ्या मते उंचावरच्या मनोऱ्याचा खरा शत्रू हाच.

अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सच्या ७ क्रमांकाच्या मानकात २०१६च्या आवृत्तीपासून स्थळाच्या उंचीसाठी स्वतंत्र गुणक आहे; विरळ हवेनुसार वाऱ्याचा दाब त्याने कमी करता येतो. तो १ धरून सवलत सोडून देण्याची मुभाही आहे आणि नव्या मनोऱ्यासाठी तेच शहाणपणाचे. पठारावरच्या जुन्या मनोऱ्यावर जादा अँटेना चढवायच्या असतील, तेव्हा मात्र मजबुतीकरण लागेल की नाही हे या गुणकावर ठरू शकते.